मुहूर्तावरची बोट

खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यानं मन लावून केलेलं काम समोर घ्यायचं, ते कुठे कुठे मोडतं ते बघायचं, आणि मोडलं की रीतसर नोंद करून त्याच माणसाला परत पाठवायचं, याचा मला पगार मिळतो. माझ्या सहीशिवाय आमच्याकडे काही लाइव्ह जात नाही. ऑफिसातले लोक मला वचकून असतात आणि मला ते आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरी हेच काम मी फुकट करते. विनयशी लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. चहा पाणचट, शर्ट विटका, पिस्कॅटवेच्या घरून एडिसनला जायला घेतलेला रस्ता चुकीचा, अशा नोंदी मी रोज करत आले. विनयही काही कमी नाही. चूक दाखवली की तो लगेच सिद्ध करून दाखवायचा की ही चूक नाहीच, हे असंच असायला हवं. रात्रीचं जेवण म्हणजे आमची रिव्ह्यू मीटिंग असायची. बाहेरच्यांना ते भांडण वाटे. आमच्या मुलीला, अनिकालाही, लहानपणी तसंच वाटायचं, आणि बहुधा म्हणूनच ती मोठी होऊन समुपदेशक झाली. तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला तिची चांगली प्रॅक्टिस आहे.

जानेवारीत विनयची नोकरी गेली. चोवीस वर्षं एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये मोकळा झाला. वय अठ्ठावन्न. पहिले दोन आठवडे त्यानं रेझ्युमे पाठवले. मग तो सकाळी दहा-दहापर्यंत उठेनासा झाला. दाढी करेना. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बंद शटरकडे बघत बसायला लागला. मी त्याला म्हणाले, बसायचंच आहे तर निदान हीटर लाव, तर उलट उत्तर न देता त्यानं हीटर लावला. तेव्हा मात्र मी घाबरले.

मी अनिकाला फोन केला.

"आई, हाऊ डू यू टॉक टू हिम?" तिनं विचारलं.

"नेहमी बोलते तशीच."

मग ती म्हणाली, "ओके. दॅट नीड्स टू स्टॉप. जस्ट बी सपोर्टिव्ह, आई. नो क्रिटिसिझम. झीरो. ही इज व्हेरी फ्रॅजाइल राइट नाऊ."

"आणि त्यानं चुकीचं काही केलं तर?"

"देन लेट हिम. प्रॉमिस मी."

मी शब्द दिला. माझी आई असती तर म्हणाली असती, जन्मभर तिखट खाणाऱ्याला एकदम दहीभातावर आणू नये. पण माझ्या आईकडे डिग्री नव्हती.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून मी छान म्हणायला लागले. दाढी वाढवली, छान दिसते. दुपारभर झोपलास, छान केलंस. विनयनं एक दिवस उपमा केला. त्यात मीठ इतकं, की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. "छान झालाय," मी म्हणाले आणि वाटी संपवली. विनयनं एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि आपली प्लेट सिंकमध्ये नेऊन ठेवली. पुढच्या रविवारी उपम्यात मीठ आणखी होतं. मी तोही संपवला. माझं ब्लड प्रेशर गोळीवर असतं, हे जाता जाता सांगते.

मग बोट आली.

बोट म्हणजे नॅरोबोट. इंग्लंडातल्या कालव्यांवर चालणारी, सात फूट रुंद आणि हवी तितकी लांब अशी लोखंडी होडी. आत स्वयंपाकघर, पलंग, संडास, लाकडं जाळायची शेगडी, सगळं एका ओळीत मांडलेलं. आमच्या घराच्या पॅसेजमध्ये कुणी बिऱ्हाड थाटावं तसं. वेग माणसाच्या चालण्याइतका. विनय यूट्यूबवर अशा बोटीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचे व्हिडिओ बघत बसायचा. एकदा त्या म्हातारबुवांची ढेरी त्या एवढ्याशा संडासाच्या दारात अडकली आणि विनय हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला. मी स्वयंपाकघरातून ते हसू ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवून तशीच उभी राहिले.

अमेरिकेत अशा बोटी नसतात. म्हणजे जवळजवळ नसतात. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, एरी कालव्याच्या काठी, कुणी एकानं इंग्लंडहून नकाशे मागवून दोन-चार बांधल्या होत्या. त्यातली एक विकायला निघाली होती. बेचाळीस फूट लांब, सव्वीस वर्षं जुनी. विनयनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"घ्यायची का आपण?" तो म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

माझ्या जिभेवर काय काय आलं ते सांगते. एक, कालवा घरापासून पाच तासांवर. दोन, मी आयुष्यात एकदाच होडीत बसले आहे, नागपूरला अंबाझरीच्या तलावात, आणि ती पायडलची होडी काठाला लागेपर्यंत मला तीन वेळा मळमळलं होतं. तीन, तू पुण्याला टिळक टँकवर पोहायला शिकायला गेला होतास आणि चौथ्या दिवशी तुझ्या बाबांनी घरी आणलं होतं, हे तुझ्याच आईनं मला सांगितलंय. चार, आपल्या घरातला गळका नळ दुरुस्त करायला तुला दोन वर्षं लागली, ते पाण्यात तरंगणारं घर तू कसं सांभाळणार?

"छान कल्पना आहे," मी म्हणाले.

"हो?"

"हो. तुला आवडलीये ना, मग झालं."

तो आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. मला वाटलं, बिचारा किती हरखलाय, शब्द सुचत नाहीयेत.

आमच्या ओळखीत कुणी बोट घेतलेली नाही. लोक टेस्ला घेतात, पोकोनोजच्या डोंगरात घर घेतात, फार तर क्युपर्टिनोला मुलाशेजारी कॉन्डो घेतात. महाराष्ट्र मंडळाच्या लांबलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बातमी कशी पोचली कोण जाणे, पण पोचली. "अगं, बोट?" मंडळातली आश्लेषा म्हणाली, "यार, लेक हाऊस घ्या ना, आम्हाला पण येता येईल." मी म्हणाले, विनयचं ते कधीपासूनचं स्वप्न आहे. विनय मागेच तिळगुळाचं ताट घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि ताट घेऊन दुसरीकडे गेला.

मार्चच्या शेवटी आम्ही बोट बघायला गेलो. हिवाळ्यात एरी कालव्यातलं पाणी सोडून देतात, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. कालव्याच्या जागी चिखल होता, मध्ये एक शॉपिंग कार्ट उलटी पडली होती, आणि बोट काठावरच्या यार्डात लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. आम्ही बोट बघायला गेलो तेव्हा तिच्यापासून पाणी सर्वांत लांब होतं.

बोटीचा मालक डग, सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा, फ्लॅनेलचा शर्ट कोपरांवर विरलेला. त्यानं शिडी लावून दिली आणि म्हणाला, हवा तेवढा वेळ घ्या. आम्ही आत गेलो. माझ्यातल्या टेस्टरला असा मुद्देमाल बावीस वर्षांत मिळाला नव्हता. दार तिरकं लागत होतं. खिडकीखालच्या लाकडावर ओलीचे डाग होते आणि डागांवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं, जुन्या वर्षाचं. गादी उचलली तर वास आला. बाहेरून सगळी बोट मळक्या काळ्या रंगाची, फक्त पुढच्या टोकाला डावीकडे हातभर जागा नवीकोरी काळी कुळकुळीत. माझी नजर तिथे गेली की जीभ आपोआप हलायची. मी ती दातांखाली धरून ठेवली.

"कशी वाटली?" विनयनं विचारलं.

"छान आहे."

"ते दार जरा..."

"जुन्या वस्तूला तेवढं असणारच," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं ऐकून मलाच कसंतरी झालं.

डगनं एकच सल्ला दिला. घ्यायच्या आधी सर्व्हेयरला दाखवा. म्हणजे तो माणूस येतो, हातोडीनं बोटीचं पोट इंच इंच ठोकून बघतो, पत्रा किती जाड उरलाय ते यंत्रानं मोजतो आणि लिहून देतो. त्या भागात असा एकच माणूस होता आणि तो मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रिकामा नव्हता.

परतीच्या वाटेवर विनय म्हणाला, "मेपर्यंत थांबायला नको. एकोणीस एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे. रविवार आहे. त्या दिवशी घेऊन टाकू."

"सर्व्हेशिवाय?" एवढं निसटलंच माझ्या तोंडून.

"साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. त्या दिवशी घेतलेल्या वस्तूचा क्षय होत नाही म्हणतात." आणि पुन्हा तसाच थांबला, रस्ता सोडून माझ्याकडे बघत.

हा माणूस आमच्या घराच्या वास्तुशांतीला भटजींना अजेंडा विचारत होता. लग्नात मंगलाष्टकं लांबली म्हणून घड्याळ बघत होता. तो आता लोखंडाला गंज चढू नये म्हणून तिथी बघत होता. आणि मी, जिच्या सहीशिवाय साधं लॉगिनचं बटण हिरव्याचं निळं होत नाही, ती मी गाडीत बसून म्हणाले, "मुहूर्त छान आहे."

मी मनात एकच हिशेब मांडला होता. बोट बुडाली तर बुडू दे. हा माणूस पुन्हा त्या गॅरेजातल्या खुर्चीत जाऊन बसता कामा नये. बोटीच्या निमित्तानं तो सकाळी उठत होता, आंघोळ करत होता, फोन करत होता. माझ्या एका शब्दानं ते मोडलं असतं तर मी स्वतःला क्षमा केली नसती. बोटीची मला काडीची किंमत नव्हती. मला माझा नवरा परत हवा होता.

अक्षय्य तृतीयेला आम्ही पहाटे निघालो. एडिसनच्या दुकानातून आदल्या दिवशी नारळ, हार, हळदकुंकू आणून ठेवलं होतं. यार्डात पोचलो तेव्हा ऊन होतं, पण वारा असा की उदबत्ती पेटेना. डगनं दोन पिंपांवर प्लायवूड टाकून टेबल केलं होतं आणि त्यावर कागद मांडून ठेवले होते, वर दगड ठेवून. विनयनं बयाणासुद्धा अजून दिला नव्हता. जे काय द्यायचं ते मुहूर्तावरच, असं त्याचं म्हणणं.

"आधी पूजा, मग सही," विनय म्हणाला. "पूजा तू कर."

स्वस्तिक काढायचा प्रश्न नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात बोटीवर लाल स्वस्तिक काढलं तर पोलीस किती मिनिटांत येतील, एवढं गणित पंचवीस वर्षं इथे काढल्यावर आम्हाला येतं. मी टोकावर कुंकवाची पाच बोटं ओढली, हळद लावली, हार घातला. डग टोपी काढून लांब उभा होता. मग तो कॉफी आणतो म्हणून पलीकडच्या ऑफिसात गेला, आणि विनय टेबलाशी जाऊन कागद वाचायला लागला. बोट मध्ये होती. तो मला दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हते.

राहिला नारळ. खाली सगळी खडी आणि गवत. नारळ वाढवायला धड दगड नाही. बोटीच्या अगदी टोकाला वरपासून खालपर्यंत जाड लोखंडी पट्टी असते, माझ्या छातीच्या उंचीला. मी म्हटलं, तिथेच वाढवू, बोटीचाच नारळ आहे. शेंडी धरली, गणपतीचं नाव घेतलं आणि अडीच महिन्यांत तोंडातल्या तोंडात गिळलेलं सगळं मनगटात आणून जो नारळ हाणला, तो पट्टी चुकून चार इंच डावीकडे बसला. त्या नव्याकोऱ्या काळ्या रंगावर.

खण्ण असा आवाज यायला हवा होता. भस्स असा आला.

नारळाला तडासुद्धा गेला नव्हता. बोटीला भोक पडलं होतं. काळ्या रंगाचा ताटलीएवढा पापुद्रा खाली खडीवर पडला होता आणि त्यामागे गुलाबी भुसा दिसत होता. गाडीचा पोचा भरायला वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी. त्या लांबीच्या मागे पत्रा नव्हताच, पानगळीतल्या पानासारखी गंजाची जाळी होती. मी बोट घातलं. मग दोन बोटं. तिसरंही गेलं. आतून गादीचा वास आला.

मी पहिली गोष्ट काय केली असेल? हार सरकवून भोकावर ओढला.

मग मी अनिकाला फोन लावला. "अनिका, बोटीला भोक आहे," मी कुजबुजले.

"व्हॉट बोट? ओह. ओके. डझ बाबा नो?"

"नाही. तो सही करायला बसलाय."

"आई, ब्रीद. आस्क युअरसेल्फ, इज धिस युअर इशू टू ओन?"

"अगं, भोक आहे. पाण्यात टाकली की बुडेल."

"आय हिअर दॅट यू आर अँग्झस," ती म्हणाली. मी फोन ठेवून दिला. पोटची पोर आहे, पण त्या क्षणी मला तिची डिग्री कालव्यातल्या चिखलात फेकावीशी वाटली.

मी वळसा घालून टेबलापाशी गेले. विनयच्या हातात पेन होतं. कागदाच्या खाली सहीची ओळ होती आणि तो त्या ओळीकडे बघत बसला होता, जानेवारीत गॅरेजच्या शटरकडे बघायचा तसा.

"वाढवला नारळ?" त्यानं विचारलं.

"नाही वाढला."

"मग?"

सांगावं तर याचं एकुलतं एक स्वप्न मी फोडायचं, तेही मुहूर्तावर. न सांगावं तर हा या डब्यासकट बुडायचा.

"मग, करू सही? बोट कशी आहे, शेवटचं विचारतो."

"छान..." मी म्हणाले.

विनयनं पेन खाली ठेवलं. रागानं नाही, अगदी हलक्या हातानं. "नीलू," तो म्हणाला, "एक विचारतो, खरं सांग. तू माझी आशा सोडलीस का?"

"काय?"

"फेब्रुवारीपासून तू मला एक शब्द बोलली नाहीस. उपम्यात मी मूठभर मीठ टाकलं, मुद्दाम. तू खाल्लास. पुढच्या वेळी दोन मुठी टाकलं, तोही खाल्लास. माझे बाबा शेवटचे सहा महिने अंथरुणात होते ना, तेव्हा आई त्यांच्याशी असंच बोलायची. जन्मभर त्यांच्यावर खेकसलेली बाई, एकदम म्हणायला लागली, छान दिसताय हो आज. बाबांना त्यावरूनच कळलं."

मी ते पेन त्याच्यापासून लांब सरकवलं.

"मला वाटलं, बोट घेतो म्हटलं की तरी म्हणशील, वेड लागलंय का," तो म्हणाला. "तू तसं म्हणाली नाहीस. मग वाटलं, हा डबा डोळ्यांनी बघितल्यावर म्हणशील. मग सर्व्हे नको म्हणालो. सर्व्हे नको, नीलू. तुझ्यासमोर. तू म्हणालीस, मुहूर्त छान आहे. त्या रात्री मला झोप नाही आली."

"म्हणजे तुला बोट नकोय?"

"आवडली होती मला. व्हिडिओत. घेण्याइतकी नाही."

"मग इथे सही करायला कशाला बसलास?"

"तू थांबवशील म्हणून," विनय म्हणाला. "आत्ता तू छान म्हणालीस आणि मला कळेना, आता पेन कसं खाली ठेवायचं."

मला रडू आलं. मला रडायला अजिबात आवडत नाही; नाक लाल होतं आणि समोरचा माणूस जिंकल्यासारखं होतं. पण मी डगच्या प्लायवूडवर दोन्ही कोपरं टेकून रडले. विनयला बरं वाटावं म्हणून मी माझं सगळं बोलणं बंद केलं होतं, आणि तो बिचारा रोज त्यावरून स्वतःच्या दुखण्याचा अंदाज बांधत होता. मिठाचे दोन उपमे मी त्याच्या प्रेमापोटी संपवले होते आणि प्रत्येक घासाला त्याला वाटत होतं, आपण संपलो.

"ऊठ," मी नाक पुसून म्हणाले. "इकडे ये."

मी त्याला बोटीच्या टोकाशी नेलं आणि हार उचलला. त्यानं वाकून बघितलं. हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"नारळानं?" तो म्हणाला.

"नारळानं. आणि दार तिरकं आहे. खिडकीखाली ओल आहे, ती त्या कॅलेंडरखाली लपवलीये. गादी कुजली आहे. शेगडीचं धुराडं दोन इंच सरकलंय, गुदमरून मेलो असतो. तुला पोहता येत नाही. मला होडी लागते. सात फुटांत तू आणि मी दोन दिवसांत एकमेकांचा जीव घेऊ. आणि मुहूर्त बघून बोट घेणारा प्रोजेक्ट मॅनेजर मी जगात पहिला बघितला. आणि ती दाढी कालच्या भांड्यांच्या घासणीसारखी दिसते."

विनय सरळ उभा राहिला. "दार तिरकं नाही," तो म्हणाला. "बोट ठोकळ्यांवर तिरकी ठेवलीये, म्हणून दार तसं वाटतं. पाण्यात सरळ झालं असतं."

"पाण्यात खाली गेलं असतं."

"तो वेगळा मुद्दा आहे. तू दाराची नोंद चुकीची केलीस."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली, हातातल्या नारळासकट.

डग कॉफीचे तीन कप घेऊन आला तेव्हा आम्ही तसेच उभे होतो. त्यानं भोकाकडे बघितलं, मग नारळाकडे, मग खाली पडलेल्या पापुद्र्याकडे. कप टेबलावर ठेवले. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटलं. "मी पण सर्व्हे न करता घेतली होती. तिथला रंग सोलायला लागला म्हणून गेल्या वर्षी वरून एक हात दिला, खालचं ठोकून बघितलं नाही. अकरा वर्षं झाली, टोक कधी पाण्यात फार बुडालं नाही म्हणून वाचलो." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "माझी बायको म्हणाली होती, तुला हवी असेल तर घे."

"तिला आवडली होती?" मी विचारलं.

"कधी काही बोलली नाही," डग म्हणाला. "आता फ्लोरिडात असते."

कागद आम्ही त्याला परत केले. त्यानं ते न बघता घडी करून खिशात घातले. विनयनं त्याला सांगितलं, सर्व्हेयर मेमध्ये येईल तेव्हा त्याला आधी हे दाखवा, आणि बाकीचं पोट ठोकून घ्या, एका जागी असं आहे म्हणजे आणखी असणार. नीट मुद्देसूद बोलत होता, जुन्या मीटिंगमध्ये बोलायचा तसा. डग त्याचं ऐकून मान हलवत होता.

परत निघालो. गाडी विनयच चालवत होता. महामार्गाला लागल्यावर सिरॅक्यूजच्या अलीकडे त्यानं एका ट्रकला मागे टाकायला सरळ डावीकडची लेन घेतली.

"लेन बदलताना इंडिकेटर द्यायची पद्धत आहे," मी म्हणाले.

"मार्चपासून देत नाहीये," विनय म्हणाला. "तुझ्या लक्षात आलं नव्हतं?"

आलं होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं. ट्रकची चाकं माझ्या खिडकीपाशी यायची, मी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरायची आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायची. बिचारा विसरतो आजकाल, असं मनात म्हणायची. महिनाभर आम्ही दोघं ताशी सत्तर मैलांच्या वेगानं एकमेकांना समजून घेत होतो.

त्यानंतर बिंगहॅम्टन येईपर्यंत मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्यातल्या चार मुद्द्यांना त्यानं उत्तरं दिली, दोन त्याला मान्य नव्हते, आणि एका मुद्द्यावरून आम्ही एक्झिट चुकलो.